झोपेचा भाव

पुण्यात आम्ही लागोपाठ दोन रात्री जागून काढल्या, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पायी जाऊन शांतता पाहून आलो. एखाद्याने पेढीच्या काचेआडचे दागिने पाहून यावेत, तशी ती आम्ही पाहिली. या दोन अनुभवांमध्ये जेमतेम अर्ध्यापाऊण तासाच्या चालीचे अंतर होते. हे अंतर आम्हांस अन्यायाचे वाटते, आणि या अन्यायात आपणा सर्वांचा, विशेषतः आम्हां धर्मगुरूंचा, वाटा आहे असेही वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त असे झाले. अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामातला एक तरुण ऐन ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरखाली सापडून जबर जखमी झाला. त्याला पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात हलविण्यात आले. त्याची विधवा आई सोबत होती. अकराव्या दिवशी आम्ही भेटीस गेलो तेव्हा मुलगा शुद्धीवर होता. आईची मात्र दशा पाहवत नव्हती. डोळे सुजलेले, बोलणे तुटक. काही हवे-नको विचारले, तर ती म्हणाली, "फादर, जेवणाचं काही न्हाई, कुणी ना कुणी आणून देतंय. रातच्याला जरा पडायला जागा मिळाली असती, गोंगाट नसलेली, तर लई बरं झालं असतं." अकरा रात्री ती रुग्णालयाच्या फाटकालगत, रस्त्याच्या कडेला, इतर रुग्णांच्या नातलगांसोबत सतरंजी टाकून पडत होती.

आमच्या तीस वर्षांच्या सेवेत लोकांनी आमच्याकडे प्रार्थना मागितली, औषधाला पैसे मागितले, शिफारसपत्रे मागितली, भांडणात न्याय मागितला. झोप कोणी मागितली नव्हती. आम्ही मान हलवली, तिच्या हातावर थोडे पैसे ठेवले आणि स्टेशनजवळच्या एका लॉजवर आमच्यासाठी खोली घेतली. तिच्या मागणीचा अर्थ आम्हांस त्या रात्री कळावयाचा होता.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीखाली रस्ता, आणि रस्त्यापलीकडे मंगल कार्यालय. लग्नसराईचे दिवस. रात्री नऊला वरात आली. डीजेच्या भिंतीएवढ्या कर्ण्यांतून जे काही बाहेर पडत होते त्याला गाणे म्हणणे आम्हांस कठीण आहे; ते कानांनी ऐकू येण्याआधी छातीत जाणवत होते. मेजावरील पाण्याच्या पेल्यावरचे झाकण ठोक्यागणिक थरथरत होते. साडेअकराला ते थांबले. तोवर रस्त्याला जाग आली होती. खासगी बसगाड्यांचे पोरगे गावांची नावे पुकारू लागले. रिक्षांचे, टेम्पोंचे कर्कश हॉर्न एकमेकांना उत्तरे देऊ लागले. मध्यरात्रीनंतर मालमोटारी आल्या. त्या पुढे जाताना गरजत, आणि मागे सरकताना केकाटत. तीनला दुधाच्या कॅनचा खणखणाट झाला. चारला कोणी तरी पाण्याची मोटार चालू केली. पाचला आम्ही उठून बसलो. उठलो असे म्हणावयास आधी निजावे लागते.

खाली उतरलो तर जिन्याजवळच्या बाकावर लॉजमधला पोऱ्या डोळे चोळत बसला होता. वय फार तर अठरा. आम्ही विचारले, "बाळ, तुला या गोंगाटात झोप लागते का?" तो हसला. "सवय होते, साहेब." व्यवस्थापकाकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, "लग्नसराई आहे, चालायचंच." दुसरी रात्रही तशीच गेली. फरक इतकाच, की वरात दुसऱ्याची होती.

त्या दुसऱ्या रात्रीनंतर पहाटे आम्ही सरळ चालू लागलो. पुणे आम्हांस परके नाही. नगर रस्त्यावरील पेपल सेमिनरीत, म्हणजे १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन झालेल्या आणि १९५५ साली पुण्यात आलेल्या त्या संस्थेत, आमची उमेदीची वर्षे गेली. सायकलवरून शहरात येता-जाता बंड गार्डनचा पूल आणि कोरेगाव पार्कची वडाची झाडे रोजची ओळखीची होती. पाय आपोआप तिकडेच वळले.

बंड गार्डन रस्ता मागे पडला आणि जणू कोणी दार लोटून घेतले. दोन्ही बाजूंना जुने वड, पारंब्या अगदी खाली उतरलेल्या. एके काळी मुंबई सरकार पावसाळ्यात पुण्यास मुक्कामाला येई, घोड्यांच्या शर्यती भरत, आणि संस्थानिक व धनिक मंडळी या भागात बंगले बांधून राहत. त्या बंगल्यांतले काही अजून आहेत. कित्येकांच्या जागी उंची इमारती आल्या आहेत. १९७४ साली येथे रजनीशांचा आश्रम आला आणि जगभरातून माणसे ध्यानासाठी येथे येऊ लागली. गल्ल्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. उंच भिंती, भिंतींवर बोगनवेल, फाटकाशी पहारेकऱ्याची खोपटी. एका गल्लीत आम्ही उभे राहिलो. कोपऱ्यावर एक बाई रस्ता झाडत होती, आणि तिच्या खराट्याचा एकेक फटकारा आम्हांस स्वच्छ ऐकू येत होता. स्टेशनजवळच्या त्या रस्त्यावर शंभर बायका झाडत असत्या तरी एकीचाही खराटा ऐकू आला नसता.

एका फाटकाशी पहारेकरी पेंगत होता. आमची चाहूल लागताच ताडकन उभा राहिला. आम्ही त्यास बसावयास सांगितले. चार शब्द बोलणे झाले. तो ताडीवाला रस्त्याच्या वस्तीत, रेल्वेच्या रुळांलगत राहतो. रात्रपाळी संपवून सकाळी घरी जातो, दिवसा झोपू पाहतो. म्हणाला, "हितं झोप येते, पण झोपायचं नसतं. घरी झोपायचं असतं, पण झोप येत नाही."

या एका वाक्यात आमच्या लेखाचा सारा विषय आला आहे. ज्या माणसाची शांतता शहराने काढून घेतली, त्यालाच दुसऱ्याच्या शांततेवर राखणदार म्हणून नेमले आहे.

हा प्रकार नवा नाही. सेमिनरीत लॅटिन शिकताना युवेनाल आणि मार्शल हे दोन रोमन कवी आम्हांस भेटले होते. एकोणीसशे वर्षांपूर्वीचे हे लेखक. युवेनाल आपल्या तिसऱ्या उपरोधिकेत तक्रार करतो, की रोममध्ये झोप ही धनिकाचीच वस्तू झाली आहे, भाड्याच्या खोल्यांत ती मिळत नाही, आणि आजारी माणसे जागरणाने दगावतात. कारणही तो सांगतो: अरुंद गल्ल्यांतून जाणाऱ्या गाड्या आणि गाडीवानांचे शिवीगाळ. ज्युलियस सीझरच्या काळच्या कायद्याने दिवसा नगरात जड गाड्यांना मज्जाव केला होता. त्यामुळे साऱ्या गाड्या रात्री येत. आपल्याकडेही अवजड वाहनांना दिवसा मज्जाव आणि रात्री मोकळीक असते. दिवसाच्या वर्दळीची सोय करण्यासाठी रात्रीचा बळी द्यावयाचा, हा हिशेब जुनाच आहे. मार्शल तर आपल्या एका श्रीमंत मित्रालाच सुनावतो: नगरात असूनही तुझ्या वाड्याच्या आत मळा आहे, तुझ्या शयनगृहात दिवसाचा उजेडही तुझ्या परवानगीने येतो, आमच्या उशाशी मात्र सारे रोम उभे असते. हे वाचताना आम्ही विद्यार्थी हसलो होतो. कोरेगाव पार्कच्या त्या गल्लीत हसू आले नाही.

आता मुद्द्याकडे वळू. गोंगाटाविषयी तक्रार केली की आपल्याकडे तीन उत्तरे तयार असतात. ती तिन्ही खोटी आहेत असे आमचे म्हणणे आहे.

पहिले उत्तर लॉजमधल्या त्या पोराचे: सवय होते. त्या पोराला दोष नाही. त्याला दुसरे उत्तर परवडणारे नाही. पण सुशिक्षित माणसे जेव्हा हे वाक्य दुसऱ्याविषयी उच्चारतात, तेव्हा ते असत्य होते. सवय मनास होते, शरीरास पुरती होत नाही. निजलेला माणूस जागा झाला नाही तरी मोठ्या आवाजासरशी त्याच्या हृदयाची गती वाढते, रक्तदाब चढतो. झोपेत आपण डोळे मिटतो, कान मात्र रात्रभर पहाऱ्यावर असतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सांगितले, की निजण्याच्या खोलीतील सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा. याच संघटनेने २०११ साली हिशेब मांडला, की एकट्या पश्चिम युरोपात वाहतुकीच्या गोंगाटापायी दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षे वाया जातात. तेथील रस्ते आमच्या रस्त्यांपेक्षा कितीतरी शांत आहेत. ‘नॉइज’ या इंग्रजी शब्दाचे मूळ कोशकार लॅटिन ‘नॉशिया’ या शब्दात, म्हणजे ओकारीत, शोधतात. शरीराला गोंगाटाविषयी काय वाटते ते त्या व्युत्पत्तीत आले आहे.

दुसरे उत्तर असे: गरिबाला आवाज आवडतो, त्याच्या आयुष्यात दुसरा विरंगुळा तो काय? हे उत्तर दयाळूपणाचा आव आणते म्हणून अधिक घातक आहे. वरातीपुढे तासभर नाचणारा तरुण आणि त्याच रात्री पहाटेच्या पाळीला जाण्यासाठी निजू पाहणारा त्याचा शेजारी, दोघेही गरीबच. एकाच्या आनंदाला सगळ्या वस्तीची आवड म्हणणे हे दुसऱ्याचे तोंड दाबणे होय. शिवाय वाजंत्री आणि डीजे यांत फरक आहे. वाजंत्री माणसे वाजवतात. ती दमतात, पाणी पितात, गल्ली वळली की त्यांचा आवाज ओसरतो. यंत्र दमत नाही. त्याची मोजणीही फसवी आहे. डेसिबलचा आकडा दहाने वाढला, तर ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे ४५ चे ७५ झाले, तर ती हजारपट झाली. आकडा दुप्पटही झालेला दिसत नाही, आणि भिंती हादरू लागतात.

तिसरे उत्तर सर्वांत उजळ माथ्याने दिले जाते: ज्यांना शांतता हवी त्यांनी ती कमवावी, कोरेगाव पार्कच्या लोकांनी कमावली. आम्ही त्या लोकांना खलनायक ठरविणार नाही. त्यांतील कित्येक सज्जन आहेत, दानी आहेत. पण त्यांची शांतता हा त्यांच्या शीलाचा गुण आहे असे कोणी सांगू नये. ती जमिनीचा गुण आहे. मोठे भूखंड, दोन घरांमधले अंतर, जुनी झाडे, थोडी वाहतूक, भिंत आणि भिंतीशी पहारेकरी, या सगळ्यांची बेरीज म्हणजे ती शांतता. जो दहा बाय दहाच्या खोलीत राहतो त्याने कितीही सद्वर्तन केले तरी त्याला ती मिळावयाची नाही. आणि मुळात ती विकत घेण्याची वस्तू आहे हे ठरविले कोणी? कायद्याने तर नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहा. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० साली झाले. त्यांप्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५. शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. या वेळात ध्वनिवर्धक बंद. वर्षातील फार तर १५ दिवस राज्य सरकारला मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. निवासी भागात रात्री हॉर्न वाजविण्यासही मनाई आहे. या नियमांत कोठेही असे लिहिलेले नाही, की ४५ डेसिबल हे बंगल्यांसाठी, आणि वस्तीसाठी वेगळा आकडा. कागदावर पहारेकरी आणि त्याचा मालक यांना एकच रात्र दिलेली आहे.

१८ जुलै २००५ रोजी सरन्यायाधीश लाहोटी आणि न्यायमूर्ती अशोक भान यांच्या खंडपीठाने याविषयी सविस्तर निकाल दिला. तो खटला ज्या घटनेवरून उभा राहिला ती आम्ही आमच्या वाचकांपासून लपवून ठेवू इच्छित नाही. एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. ती मदतीसाठी ओरडत राहिली. शेजारी ध्वनिवर्धकावर गाणी चालू होती, म्हणून कोणासही ऐकू गेले नाही. त्याच दिवशी संध्याकाळी तिने स्वतःस जाळून घेतले. ‘एक दिवस चालायचंच’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आठवावी. गोंगाटाचा खरा धोका झोपमोडीपुरता नाही. ज्या गल्लीत काहीच ऐकू येत नाही, त्या गल्लीत किंकाळीही ऐकू येत नाही.

नियम आहेत, निकाल आहेत; मग अंमल का नाही? कारण नियमाला हाक मारावी लागते, आणि हाक कोणाची ऐकली जाते हे पुन्हा भिंतीच्या उंचीवर ठरते. कोरेगाव पार्क आणि शेजारचे कल्याणीनगर येथील रहिवासीही गेली काही वर्षे मद्यालयांच्या रात्रीच्या संगीताने त्रस्त आहेत. पैशाने विकत घेतलेली शांतता पैशानेच मोडते, हे त्यांनी अनुभवले आहे. त्यांनी संघटना केल्या, अर्ज दिले. तरीही १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका भरधाव आलिशान मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, मोटार चालविणारा अल्पवयीन निघाला, तो मद्य प्याला होता असा आरोप झाला, आणि मग कोठे मद्यालयांवर कारवाईची धावपळ सुरू झाली. इंग्रजी बोलणाऱ्या, वकील ठेवू शकणाऱ्या रहिवाशांची ही कथा. मग ताडीवाला रस्त्यावरील पहारेकऱ्याने कोणाकडे जावे? ज्याच्या दारात डीजे लागतो तो त्याच्या गल्लीतलाच, कदाचित पुढाऱ्याच्या ओळखीतला. तक्रारदाराचे नाव फुटले तर दुसऱ्या दिवशी त्याला त्याच गल्लीत राहावयाचे असते. ही भीती न्यायालयास कळलेली आहे. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातील रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही, आणि पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता, ती उघड न करता कारवाई करावी. हा निकाल प्रत्येक वस्तीत सांगितला गेला पाहिजे. आमच्या प्रवचनांतूनही.

आणि येथे आम्हांस लेखणी आपल्याच अंगणाकडे वळविली पाहिजे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत आवाज मोजत आले आहेत. २०२२ व २०२३ या दोन्ही वर्षी त्यांची सरासरी शंभर डेसिबलच्या पुढे गेली. हा आकडा आमच्या लोकांना तोंडपाठ असतो आणि तो सांगताना चेहऱ्यावर समाधानही असते. परंतु आपल्या सणाच्या दिवशी आपल्या चर्चच्या अंगणात कोणी यंत्र घेऊन उभे राहिलेले नाही, म्हणून आपला आकडा नाही, एवढेच. ३० ऑगस्ट २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिवर्धकांविषयी जो महत्त्वाचा निकाल दिला, तो कोणाविरुद्ध होता? चेन्नईतील एका ख्रिस्ती प्रार्थनामंडळीविरुद्ध. ढोल, गिटारी आणि ध्वनिवर्धक लावून चाललेल्या त्यांच्या प्रार्थनांनी शेजारची वसाहत हैराण झाली होती. न्यायालयाने सुनावले, की दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करावी असे कोणताच धर्म सांगत नाही. लहान मुले, म्हातारी माणसे, आजारी, अभ्यास करणारे, यांचाही विचार करावा लागतो. ती मंडळी आपल्या पंथाची नव्हती, असे म्हणून आम्ही त्या वेळी सुटका करून घेतली होती. न्यायालयाकडून हे शिकण्याची वेळ यावयास नको होती. पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायात, भल्या पहाटे उठून मोठ्याने शेजाऱ्याला आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शापच समजावा, अशा अर्थाचा इशारा आहे. आमच्या कित्येक नोव्हेनांच्या कर्ण्यांवर तो चिकटवून ठेवण्याजोगा आहे. एलियाला देव वादळात भेटला नाही, भूकंपात नाही, अग्नीत नाही. हे आम्ही वर्षानुवर्षे वाचतो, तेही ध्वनिवर्धकावरून.

आणखी एक कबुली. आमच्या भागात धर्मगुरूंच्या निवासाला लोक आजही ‘बंगला’ म्हणतात. मिशनच्या काळातले दगडी बांधकाम, जाड भिंती, भोवती आवार, कडुनिंबाची झाडे. कोरेगाव पार्कच्या गल्लीत उभे असताना आम्हांस जे ओळखीचे वाटले, ते हेच होते. सेमिनरीत रात्रीच्या प्रार्थनेनंतर घंटा होई आणि सकाळपर्यंत महामौन पाळले जाई. आम्ही ते व्रत समजत होतो. खरे तर ते वैभव होते, आणि आम्हांस ते फुकट मिळाले. गतवर्षी मे महिन्यात आम्ही ज्या जोडप्याचे लग्न लावले, त्यांच्या मांडवात रात्री एकपर्यंत डीजे चालू होता. मांडवाशेजारच्या घरात एक बाळंतीण होती. आम्हांस ठाऊक होते. आम्ही काय केले? बंगल्याची खिडकी लावून घेतली. स्टेशनजवळच्या त्या खोलीत खिडकी लावूनही काही उपयोग होत नाही हे कळले, तेव्हा त्या बाळंतिणीची आठवण झाली.

कोणी म्हणेल, भूक, बेकारी, दुष्काळ यांपुढे झोपेचे काय घेऊन बसलात, फादर? आम्ही विचारतो: अकरा रात्री न निजलेली आई डॉक्टरांनी सांगितलेली औषधे ध्यानात कशी ठेवणार? रात्रभर तळमळलेले मूल शाळेत शिकणार काय? अर्धवट झोपेत सकाळी ट्रॅक्टर हाकणाऱ्याच्या हातून काय होते, ते आम्ही या वेळी रुग्णालयात पाहिलेच. तो मुलगा अपघाताच्या आदल्या दोन रात्री गाळपाच्या घाईत धड झोपलेला नव्हता. गरिबाजवळ भांडवल म्हणून असते ते त्याचे शरीर. त्या शरीराची रोजची दुरुस्ती रात्री होते. ती थांबविणे म्हणजे त्याच्या घरात शिरून चोरी करण्यासारखे आहे.

आमच्या पॅरिश कौन्सिलपुढे आम्ही चार गोष्टी ठेवल्या आहेत. इतर धर्मग्रामांनी त्यांचा विचार करावा. चर्चचे कर्णे आवाराकडे तोंड करून लावावेत, बाहेर नव्हे. सणाचा व नाताळचा कार्यक्रम रात्री दहाला थांबावा. मिस्सा चालू असेल तर ती चर्चच्या आत, चर्चपुरत्याच आवाजात चालावी. विवाहपूर्व मार्गदर्शनात डीजेचा विषय धर्मगुरूंनी स्वतः काढावा, आणि वराती वाजंत्र्यांवर निघाव्यात. चौथी गोष्ट खर्चाची आहे. पुण्यासारख्या शहरात रुग्णांच्या नातलगांसाठी रस्त्यापासून दूर, निजण्याजोगी जागा आपल्या संस्थांनी मोकळी करावी. आपल्याजवळ आवारे आहेत, जाड भिंतींच्या इमारती आहेत, रिकाम्या खोल्या आहेत. शांतता साठवून ठेवण्यात आपला कोरेगाव पार्कशी फारसा फरक नाही. ती वाटण्यात पडू शकेल.

पहिल्या तीन गोष्टींवर आमच्या बैठकीत बरीच गरमागरमी झाली. दोन तरुणांनी विचारले, "सगळे वाजवतात, मग आपणच का गप्प बसायचं?" त्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहिला आहे. चौथ्या गोष्टीवर मात्र कोणी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी कोरेगाव पार्कहून परतताना आम्ही ओळखीच्या धर्मभगिनींच्या घरी गेलो आणि त्या आईसाठी एक खोली मागितली. त्यांनी लगेच दिली. मुलाजवळ आम्ही बसलो आणि तिला तिकडे पाठविले. दुपारी दोनला ती निजली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला जागी झाली. मागितली तेव्हाच ही खोली पाहिली असती, तर तिच्या दोन रात्री वाचल्या असत्या. त्या दोन रात्री आम्ही लॉजमध्ये स्वतःच्या झोपेची तक्रार करीत होतो.